काठ पाह्यला, तोंड राहून गेलं

त्या सांजेले सुखदेवभाऊच्या आंगनात कोण-कोण होतं, ते आधी सांगतो. सुखदेवभाऊ होते, रेल्वेच्या शेडमंदी कामाले जात, टीव्ही त्यांचाच. त्यांची बायको यमुनाबाई होती, मॅट्रिक झालेली, साऱ्या गल्लीत तेवढी एकटीच. आमच्या बाजूची मैनाबाई होती, तिची जीभ म्हणजे कैची. देवराव होता, आधी हातमागावर बसे, मंग पावरलूमवर गेला, सिनेमापायी पागल. माझा पोरगा शंकर होता. आमच्या घरचे होते. त्यांचं नाव मी जन्मात घेतलं नाही, आता ते नाहीत तरी घेत नाही. मी होती, गिरजा. आणि माझी पोरगी कुसुम तिथं होती का नव्हती, तेच तर सांगाचं हाय.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेली, मंग मागासाठी सुताच्या कांड्या भराले बसली. हे माझी नात लिहून राहिली. म्हणे, आजी, जरा चांगल्या भाषेत सांग. मी म्हटलं, चांगल्या भाषेत माह्यावर काही बीतलंच नाही. बोलतो तसंच लिही.

चैत लागला का नागपुरची हवा अशी कोरडी होते का माणसाचे ओठ तर ओठ, धागाबी फाटते. आता घरात कूलर हाय, त्याची घरघर हाय. तवा आमच्या घरात खड्डामाग होता. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून बसाचं आणि विणाचं. उन्हाळ्यात धागा पटापट तुटे. मंग खड्ड्याच्या कडेनं पाणी शिंपाचं, दारावर पोतं ओलं करून टांगाचं, ते वाळलं का पुन्हा ओलं कराचं. ओल्या पोत्याचा वास आणि ताण्याच्या धाग्याले लावलेल्या पेजेचा आंबूस वास, हे दोन वास एकामंदी मिसळले का माह्यासाठी उन्हाळा लागला. आताही कूलरच्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं का मी जराशी थांबतो. सून म्हणते, काय झालं वं आई. मी म्हणतो, काही नाही.

तेवढ्यात नात मोबाईल घेऊन येते. "आजी, सिनेमावाल्यांचे बक्षिसं सुरू झाले. पाहतं का?"

दरसाली विचारते. दरसाली मी पाहतो. तिले वाटते, आजीले सिनेमाचा शौक हाय.

आमचं काम करवतकाठीचं. साडीचं अंग टसरचं, काठ सुताचा, आणि काठाले करवतीच्या पात्यावाणी दात. त्याले धागा इकडून तिकडं नेणारे तीन लाकडी धोटे लागतात, एक अंगाचा, दोन काठाचे. एकट्या माणसाचं काम नाही ते, बाजूले कोणी ना कोणी बसाव लागते. आमच्या घरी बापाच्या बाजूले कुसुम बसे. सात वर्षाची होती तवापासून. एकदा धोटा सटकून तिच्या डाव्या भुवईवर लागला. भुवई मधून फाटली, तिथं मंग केस आलेच नाहीत. कुसुम आरशात पाहून म्हणे, "आई, माह्या भुवईत कोणी भांग पाडला?"

अशी हसवे. काम करता करता हसवे. बाप ओरडे, "हासू नको वं, दात चुकते." पोरगी म्हणे, "कोणाचा, माह्या का करवतीचा?"

तिचं लगन उमरेडले जमवलं. घर विणणाऱ्याचंच, दोन माग होते. पोरगा बिजवर होता, वयानं कुसुमपेक्षा पुष्कळ मोठा. तिले पसंत नव्हता. हे मले सांगाले पाहिजे, म्हणून सांगतो. तिनं मले तीनदा म्हटलं. एकदा चुलीपाशी, एकदा नळावर, एकदा मी तिची वेणी घालून राहिली होती तवा. तिन्ही वेळा मी एकच म्हटलं, "आम्हाले कोणी विचारलं होतं का?"

तिच्या लगनाची साडी आमच्याच मागावर लागली. पिवळं अंग, लाल काठ. बाप आणि लेक बसून विणत. पदर जवळ आला, तवा एक दिवस तिचा हात चुकला. काठाचा एक दात टोकदार व्हाच्या ऐवजी बोथट झाला. पदरापासून बरोबर एक वीत आत. बापानं पाह्यलं, म्हणे, "उसव."

मी म्हटलं, "राहू द्या. बाजारात थोडी जाते? तिच्याच अंगावर जाणार हाय."

कुसुम म्हणे, "बाबा, आरा मशीनवर लाकूड कापून कापून खऱ्या करवतीचाबी दात झिजते. राहू द्या ना."

ते हासले. आमच्या घरचे हासलेले मले तवाचेच आठवतात. त्याच्या आधीचे नाही, मागूनचे तर नाहीच.

लगनाले आठ दिवस होते. मी दळण घेऊन आली, तर मागाजवळ कोणी नव्हतं. पेटी उघडी होती, विणून ठेवलेली लगनाची साडी नव्हती. दारावरचं पोतं तिनं ओलं करून ठेवलं होतं. जाता जाता पोतं ओलं केलं पोरीनं, धागा तुटू नये म्हणून. देवरावनं टेसनावर तिले मुंबईच्या गाडीपाशी पाह्यलं होतं, शिवणक्लासातल्या एका पोरीसंगं. त्याले वाटलं, कोणाले सोडाले आली असन.

बापानं आंगनात डोक्यावरून पाणी घेतलं, मयताहून आल्यावर घेतात तसं. आणि म्हणे, "हे नाव या घरात आता नाही." मी भाकरी टाकून राहिली होती. टाकत राहिली. काय करणार? पोटाले तर लागते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूले मी बसली.

चार उन्हाळे असे गेले.

मंग गल्लीत टीव्ही आला. नागपुरातच नवा-नवा आला होता. सुखदेवभाऊनं घेतला आणि आंगनात टेबलावर मांडला, साऱ्यांनी पाहावं म्हणून. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो. आमच्यातल्या कित्येक बाया त्यांच्या घरचं पाणी पीत नव्हत्या. टीव्ही आल्यावर त्यांच्या आंगनात जाऊन बसाले लागल्या, पण गिलास घरून नेत. यमुनाबाई पाहे आणि गालातल्या गालात हासे. म्हणे, "गिरजाबाई, चित्र चालते, पाणी नाही चालत?" मी त्या दिवसापासून तिच्या माठातलं पाणी प्याले लागली. उन्हाळा होता, लाज वाटली, दोन्ही कारणं होते.

त्या सांजेले सिनेमावाल्यांचे बक्षिसं दाखवणार होते. आंगनात सडा टाकला होता, त्याची वाफ निघे. देवराव सांगे, कोणाले बक्षीस भेटन, कोणाले नाही, जसं काही यानंच वाटाचं हाय. मैनाबाई म्हणे, "देवराव, तुह्या त्या हिरोले नाही भेटलं तर काय करशील गा?"

"मिशी काढून टाकीन."

"हाय कुठी तुले मिशी?"

सारे हासले. आमच्या घरचे एकदम मागं, नालीच्या फरशीवर बसले होते, टीव्हीकडं पाठ करून. आले होते, पण पाहाले आलो नाही, असं दाखवत.

देवरावच्या हिरोले नाही भेटलं. त्यानं तोंड असं केलं जसं त्याच्याच घरात चोरी झाली. सुखदेवभाऊ म्हणे, "अरे, ज्याले भेटलं तो गरिबाचं काम चांगला करते." देवराव म्हणे, "गरिबाचं काम तर मीबी करतो भाऊ, रोज बारा घंटे. मले कोणी बाहुली देते का?" बक्षीस म्हणून ते बाईच्या आकाराची बाहुली देत. मंग हिरोईनचं नाव पुकारलं. बायांचे दोन तट पडले. मैनाबाई म्हणे, हिच्यापेक्षा ते दुसरी चांगली रडते. यमुनाबाई म्हणे, रडणं म्हणजेच काम का? एक म्हणे कानातले पाहा, एक म्हणे जुडा पाहा. टाळ्या वाजवून राहिले होते सारे, जसं काही ते हिरोईन याच गल्लीतून लगन होऊन गेली.

तवा बाजूनं एक पोरगी ताट घेऊन आली.

ताटात ते बाहुली होती. देणारा मोठा माणूस, घेणारी हिरोईन, आणि मधात ताट धरून हे पोरगी. पदर कमरेले खोचलेला. चित्र जवळ आलं, बाहुली मोठी दिसाले लागली. बाहुलीच्या मागं पोरीचे हात, हाताच्या मागं पदर, आणि पदराले काठ. टीव्ही काळा-पांढरा, लाल-पिवळं काही समजे ना. पण दात होते. करवतीचे दात होते.

आमच्या जातीची नजर अशी हाय. लगनात जा, मयतात जा, बाई समोर आली का आमची नजर आधी काठावर जाते. काठावरून समजते, माग कोणाचा, हात कोणाचा, कोणाच्या घरी बाजूले लेकरू बसलं होतं. तोंड मागून पाहाचं. लहानपणापासून तेच शिकलो.

मी काठच पाह्यला. पदर जिथं लागते तिथून मोजत गेली. एक वीत आत एक दात बोथट होता.

मी मान वर केली, तिचं तोंड पाहाले. तोवर चित्र हिरोईनवर गेलं होतं. हिरोईन बाहुली छातीशी धरून डोळे पुसून राहिली होती. साऱ्या आंगनात टाळ्या. ताटवाली पोरगी मागं सरली, अंधारात गेली, पुन्हा आली नाही.

मी उभी राहून ओरडली, "ताटवालीचं तोंड कोणी पाह्यलं का?"

"कोण ताटवाली?" मैनाबाई म्हणे. "बस ना वं खाली, दिसत नाही."

"ते बाहुली घेऊन आली ना! तिचं तोंड! भुवई पाह्यली का कोणी?"

कोणी नव्हती पाह्यली. वीस-पंचवीस माणसं होते आंगनात. हिरोईनच्या कानातल्यात किती मोती, ते साऱ्यांनी सांगितलं असतं. ताट धरलेल्या पोरीले तोंड होतं का, हेही कोणाच्या ध्यानात नव्हतं. शंकर म्हणे, गोरी होती. यमुनाबाई म्हणे, सावळी वाटली मले. देवराव म्हणे, "काकू, उंच होती ते." मैनाबाई म्हणे, "ठेंगणी होती. आणि काठ-बिठ काही नाही गिरजे, टीव्हीत मुंग्या येऊन राहिल्या होत्या, त्या तुले दात दिसल्या." बोलली आणि मंग तिचं तिलेच समजलं, मी काहून विचारून राहिली ते. जीभ चावली तिनं.

मी पायात चपला घालाले लागली. यमुनाबाईनं हात धरला. "कुठी चालल्या?"

"टेसनावर. मुंबईले. ते आत्ता तिथं उभी हाय ना."

देवराव हळूच म्हणे, "काकू, हे आत्ताचं नाही. हे बक्षिसं देऊन बहुत दिवस झाले. टीव्हीवाले मागून दाखवतात."

म्हणजे मी जे पाह्यलं, ते कधीचंच होऊन गेलं होतं. ताट ठेवून पोरगी कधीचीच कुठी निघून गेली होती, आणि आम्ही टाळ्या आत्ता वाजवून राहिलो होतो.

घरी आलो. आमच्या घरचे पुढं, मी मागं. चार वर्षांत त्यांच्यापुढं मी ते नाव काढलं नव्हतं. तवाही नाही काढलं. दारापाशी फक्त विचारलं, "तुम्ही तर पाठ करून बसले होते."

ते कुलूप काढत होते. म्हणे, "टाळ्या वाजल्या, तवा वळलो होतो."

"मंग? तोंड पाह्यलं?"

कुलूप काढून त्यांनी कडीले लटकवलं.

"मीबी काठच पाह्यला," म्हणे.

बस. पण मले समजलं. ज्यानं तिच्या नावानं पाणी घेतलं होतं, त्यानंही तो दात मोजला होता.

यमुनाबाईनं चिठ्ठी लिहिली टीव्हीवाल्यांले. "ताट घेऊन आलेल्या मुलीचा पत्ता कळवावा, आई-वडील वाट पाहून आहेत." तीन चिठ्ठ्या गेल्या. जवाब आला नाही. शंकर तवा लकडगंजच्या आरा मशीनवर नुकताच लागला होता. तो सुट्टी टाकून मुंबईले गेला. सिनेमे काढतात तिथल्या फाटकांसमोर उन्हात उभा राह्यला, भुवईची खूण सांगे. एक चौकीदार म्हणे, इथं रोज किती पोरी येतात, भुवया कोण पाहते बाबू? शंकर परत आला, तोंड करपलेलं. मले म्हणे, "आई, तिथं ताट धरणाऱ्याले नाव नसते." मी त्याले ताक दिलं.

आता दुसरी गोठ सांगतो, हे मी कोणाले सांगितली नव्हती. त्या सांजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मागावर बसलो. नवी साडी, दुसऱ्याच कोण्या घरची. पदर आला, आणि आमच्या घरच्यांनी, ज्यांचा हात जन्मात चुकला नाही, एक दात बोथट सोडला. पदरापासून एक वीत आत. मले वाटलं, यांची नजर गेली. मी म्हटलं, "उसवते का?" ते म्हणे, "राहू दे."

दुसऱ्या साडीतही तसंच. तिसरीतही. मंग मी विचारणं सोडलं. इतवारीतला शेठ साडी उलगडून पाहे आणि म्हणे, "बुढाऊ, हात गेला तुमचा. किती दिवस मी हे घेऊ?" ते मान खाली घालून ऐकत. हाताची बदनामी झाली. ज्या माणसाच्या काठासाठी सावनेरच्या बाया इतवारीत येऊन विचारत, त्याचा माल खोटा ठरला. एकदा तरी म्हणावं त्यांनी, का हे मी जाणून करतो. नाही म्हटलं. त्यांले वाटे, साडी कुठीही जाते. मुंबईले जाते, सिनेमावाल्यांकडं जाते. कोठं ना कोठं पोरगी पाहीन, दात मोजन, आणि तिले समजन का बापानं उसवलं नाही.

पण मले आता असं वाटते का त्याच्यानं घात झाला. आधी तो दात एकाच साडीत होता, तिच्या. मंग किती साड्यांत गेला, देवाले माहीत. पुढच्या साली टीव्हीवर, त्याच्या पुढच्या साली बाजारात, कोठं मले तो दात दिसला तर मी कशी सांगू, हे कुसुमची साडी का बापानं तिच्यासाठी चुकवलेली? एकदा बर्डीच्या बाजारात एका बाईच्या मागं मी पाऊण कोस चालली. तिनं वळून पाह्यलं. दुसरीच कोणी होती. तिनं पदर सावरला, तिले मी चोर वाटली. आम्ही खूण केली आणि खुणेनंच खूण पुसली.

आमच्या घरचे गेले तवाही चैतच होता. शेवटी शेवटी बोलत नव्हते. हाताचं एक बोट चादरीच्या काठावरून फिरे. मले माहीत होतं, मोजून राहिले.

शंकरनं मंग खड्डा बुजवला, वरून टाइल्स लावल्या. तिथं माही खाट हाय. उन्हाळ्यात दुपारी ते जागा बाकी घरापेक्षा थंडी राहते. खाली ओल असन अजून. मी तिथंच पडून राहतो.

नातीच्या मोबाईलवर आता चित्र थांबवता येते. ते बोटानं दाबते आणि हिरोईन आहे तशी उभी राहते, डोळ्यातलं पाणीही गालावर थांबून राहते. "आजी, कोणाले पाहून राहिली? बक्षीस तर हिले भेटलं ना." मी म्हणतो, "बाजूले घे जराशी. ते मागं उभी हाय ना, ताट घेऊन, तिले मोठं कर." नात करते. कोणी विशीतली पोरगी राहते, हासत, पाय दुखत असतीन तरी हासत. माही कुसुम आता साठीले आली असन. तिचं ताट कोण्या पोरीनं कधीचंच घेतलं असन. हे मले समजत नाही असं नाही. तरी पाहतो. आणि आता आधी तोंड पाहतो. जन्मभराची सवय होती, मोडाले लय वर्षं लागले. आता मोडली. तवा एका पलासाठी मोडली असती तर बस झालं असतं.

मले शंकर म्हणते, आई, ते साडी तिची नसनच कशावरून, आणि असनच कशावरून. बरोबर हाय त्याचं. कुसुम त्या आंगनात होती का नव्हती, मी आजही सांगू शकत नाही. सांगतो म्हटलं होतं, पण नाही सांगता येत.

तुम्ही जे कोणी हे वाचून राहिले, तुम्हाले एकच विनंती. तुमच्या इमारतीत, दुकानात, लगनाच्या हॉलात कोणी म्हातारी होत आलेली बाई असन, तुमच्यासमोर ताट धरून उभी राहत असन. तिच्या साडीकडं पाहू नका. साडीवरून काही समजत नाही, ते आम्ही करून पाह्यलं. तिच्या तोंडाकडं पाहा. डाव्या भुवईत भांग पडल्यासारखी जागा असन, तर तिले सांगा, नागपुरले पोतं अजून ओलं हाय. आणि भुवई सारखी असन, तरी पाहा. कोणी तरी तिचं तोंड पाह्यलं, एवढं तर होईन.